बद्द वाजलं तर बरं

हॉलमधल्या एका लादीवर पाय पडला की 'टक्' असा आवाज यायचा. दिवाळीपासून येत होता आणि मी काणाडोळा करत होतो. हिने शेवटी त्या लादीवर पाटच मांडून ठेवला, येता-जाता मी अडखळावं म्हणून. मग मिस्त्रीला फोन केला.

मांजलपूरच्या आमच्या इमारतीत सगळ्यांकडे हाच मिस्त्री येतो. वयाने माझ्याच आगेमागे, गुडघे मात्र माझ्यापेक्षा शाबूत. आला, चपला दाराबाहेर काढल्या, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून उलटा धरला आणि त्याच्या मुठीने एकेक लादी ठोकत उकिडवा पुढे सरकू लागला. ठक. ठक. ठक. आणि मग एक वेगळाच, रुंद, मोकळा आवाज.

"आ लादी बोदी वागे छे, साहेब."

कानावरची पेन्सिल काढून त्याने फुली मारली. पुढची ठोकली. तीही बोदी, म्हणजे आतून पोकळ. मी चहाचा कप हातात धरून मागे उभा होतो. जरा वेळाने लक्षात आलं, की मी डोळे मिटून घेतलेत आणि त्याच्या आधी मनातल्या मनात फुल्या मारतोय. सात लाद्यांपैकी सहांवर आमचं एकमत झालं. सातवीचं पुढे सांगतो.

"तमे शुं काम करता हता, साहेब?" त्याने विचारलं.

सगळा जन्म बडोद्यात गेला, पण या प्रश्नाचं सुटसुटीत उत्तर मला गुजरातीत देता आलं नाही आणि मराठीतही नाही.

"तेलना कूवा."

"खोदता हता?"

"ना. बीजाए खोदेला कूवा ठोकीने जोतो हतो."

तो हसला. त्याला वाटलं, साहेब गंमत करताहेत.

ठोकून बघायची विद्या आमच्या घरात आजीची. दांडिया बाजारातल्या वाड्यात होळी झाली की माठवाला हातगाडी घेऊन यायचा. आजी ओसरी उतरायची ती सरळ गाडीशी. एक माठ उचलायचा, डाव्या हाताच्या बोटांवर काठाशी तोलून धरायचा आणि उजव्या हाताच्या पेराने तीन ठिकाणी ठोकायचा: खांद्याला, पोटाला, बुडाला. खणखणीत वाजला तर बाजूला. बद्द वाजला तर परत गाडीवर. माठवाला कुरकुरायचा, "माजी, एके तूटेलो नथी." आजी ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढचा उचलायची. पंधरा-वीस माठ वाजवून दोन घ्यायचे, असा तिचा हिशेब.

हा 'बद्द' तिच्या तोंडी माणसांनाही लागायचा. कोणाच्या मुलीला स्थळ सांगून आलं आणि आजी चौकशी करून आली, की पदराने वारा घेत म्हणायची, "घर मोठं आहे, पण बद्द वाजतं." एवढ्यावर लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत.

मी ज्या धंद्यात शिरलो तिथे नेमकं उलटं निघालं. खणखणीत वाजलं की पोटात गोळा यायचा आणि बद्द वाजलं की सगळे चहा मागवायचे.

आमच्या पिढीच्या बडोद्याच्या मराठी मुलांपुढे वाटा ठरलेल्या होत्या. बँक, युनिव्हर्सिटी, नाहीतर तेल. ओएनजीसी १९५६ सालची. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला पहिल्यांदा तेल-वायू सापडला, १९६० च्या मे महिन्यात अंकलेश्वरला सापडला आणि तिथल्या विहिरीला नेहरूंनी 'वसुधारा' नाव दिलं. मग १९६५ साली कोयलीची रिफायनरी आली. मी शाळेत असताना मकरपुरा रोडवर तेलाच्या कामाच्या गाड्यांची रहदारी इतकी असे, की आम्हाला वाटे जगातल्या सगळ्याच शहरांतून अशा गाड्या जातात. इंजिनियर झाल्यावर एका लॉगिंग कंपनीत लागलो. आजीला सांगितलं, तेलाच्या विहिरींवर नोकरी लागली. ती म्हणाली, "विहिरी खणायला इंजिनियर कशाला लागतो? वडार काय मेले?"

समजावून सांगायचा मी बराच प्रयत्न केला. लॉगिंगमध्ये विहीर खणायची नसते. खणलेल्या विहिरीत केबलला बांधून एक लांब नळी सोडायची, तिच्यात मोजमापाची यंत्रं असतात, आणि ती वर ओढत आणताना खोलीनुसार आलेख काढायचा. १९२७ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये पेशेलब्रॉन इथे श्लंबर्जे बंधूंच्या माणसांनी हे पहिल्यांदा केलं, थांबत थांबत एकेक माप घेऊन, हाताने रेघ काढून. म्हणून त्या नळीला अजून फ्रेंच नाव आहे: सोंड. मी आजीला म्हणालो, "आम्ही विहिरीत सोंड सोडतो."

"डावी की उजवी?" तिने विचारलं. उजव्या सोंडेचं सोवळं कडक असतं, तुला झेपणार नाही, अशी पुस्तीही जोडली.

तर या सोंडांपैकी जी माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त आली, ती सिमेंट तपासायची. विहीर खणून झाली की तिच्यात पोलादी पाइप सोडतात, एकाला एक आटे देत, हजार-दीड हजार मीटरपर्यंत. हे केसिंग. साडेआठ इंची भोकात साडेपाच इंची केसिंग बसवलं तर भोवती दीड इंचाची फट उरते. ती सिमेंटने भरायची असते, आणि भरायची पद्धत अशी की ऐकून हसू यावं: वरून केसिंगच्या पोटात सिमेंटची पातळ स्लरी पंपाने ढकलायची, ती तळाला जाऊन बाहेर वळते आणि फटीतून उलटी वर चढते. सिमेंट शेवटी पोर्टलँडच, फक्त खालच्या उष्णतेत वेळेआधी गोठू नये अशा बेताचं. स्लरी पाण्याच्या १.९ पट जड. तिच्या मागे रबरी प्लग, प्लगच्या मागे मड, म्हणजे खणताना विहिरीत फिरवायचा चिखलासारखा द्रव. मग पंप बंद करायचा आणि दिवस-दोन दिवस नुसतं बसायचं. सिमेंट खरंच कुठे गेलं, भोवताली सारखं पसरलं की एका अंगाला, खडकाला चिकटलं की मडच्या सालीला, हे कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही.

आणि सगळं त्यावर असतं. खंभातच्या खोऱ्यात तेलाच्या वाळूचे थर पुष्कळदा पातळ, आणि पाण्याची वाळू शेजारीच, खाली किंवा वर. सिमेंटने त्यांना एकमेकांपासून तोडून ठेवायचं. केसिंगच्या एका बाजूला मडचा नुसता ओघळ राहिला, तरी पाणी त्या वाटेने तेलाच्या थरापाशी येतं आणि तेलाऐवजी तेच वर येऊ लागतं. वायू असेल तर गोष्ट पाण्यावर थांबत नाही.

आमची सोंड या केसिंगला आतून वाजवते. तिच्यात एक ट्रान्समीटर, आणि त्याच्यापासून तीन फुटांवर आणि पाच फुटांवर एकेक कान. ट्रान्समीटर टिचकी मारतो, वीसएक हजार हर्ट्झची. ध्वनी पाइपातल्या पाण्यातून पोलादात शिरतो, पोलादातून सेकंदाला पाच किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो आणि परत पाण्यात उतरून कानापर्यंत येतो. पहिला येणारा आवाज बहुतेक वेळा या वाटेने आलेला. तो किती मोठा, एवढंच मोजायचं.

पूजेची घंटा नुसती वाजवा आणि मग घट्ट मुठीत धरून वाजवा. केसिंगभोवती सिमेंटची मूठ असेल तर पोलादातला आवाज बाहेर सिमेंटात झिरपत जातो आणि कानापर्यंत जेमतेम पोहोचतो. मूठ नसेल तर केसिंग घंटेसारखं नादतं. साडेपाच इंची मोकळ्या केसिंगला आलेखावर ७० च्या आसपास मिलिव्होल्ट दिसतात. चांगलं धरलेल्याला ५ च्या आत. या धंद्यात वर्षं काढल्यावर मला एका गोष्टीची गंमत वाटू लागली. आमच्या यंत्राला सिमेंट मोजताच येत नाही. ते पोलादाचा आवाज मोजतं, आणि पोलाद गप्प झालं की आम्ही म्हणतो, सिमेंट आलं. माठ स्वतः बोलून सांगतो की मी चांगला आहे. इथे जो बोलायचा तो गप्प बसला, यावरून शेजाऱ्याचं शील ठरवायचं.

पाच फुटांवरच्या कानाचा आलेख वेगळा. त्यात आकडे नसतात, नुसते काळे-पांढरे पट्टे. खोली वरून खाली, वेळ डावीकडून उजवीकडे. मोकळ्या पाइपात पट्टे आखल्यासारखे सरळ उभे उतरतात आणि दर पाइपाच्या जोडापाशी डब्ल्यू अक्षरासारखी नक्षी उठते. सिमेंट नीट धरलेलं असेल तर हे पट्टे पुसट होत जातात आणि उजवीकडे खडकाचे वाकडेतिकडे पट्टे दिसू लागतात, कारण आवाज आता सिमेंट ओलांडून खडकात जाऊन परत येतोय. त्या काळी गाडीतच अमोनियाच्या वासाचे प्रिंट निघत. असा एक घडीचा प्रिंट मी घरी आणला होता. आजीने तो पलंगावर पसरला, हात फिरवून पाहिला. सरळ पट्ट्यांपाशी म्हणाली, "हे वाण बरं आहे." वाकड्या पट्ट्यांपाशी बोट थांबलं. "इथे धागा ओढला गेलाय. हे घेऊ नको."

मी काहीच बोललो नाही. तो ओढलेला धागा म्हणजे त्या विहिरीतला सगळ्यात चांगला भाग होता.

खडकाचाही स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. बडोद्याजवळ पादऱ्याला जमिनीखालच्या भेगाळ बेसॉल्टमध्ये तेल आहे. म्हणजे ज्या काळ्या पाषाणावर सह्याद्रीचे गड उभे आहेत, त्याच दख्खनच्या लाव्ह्यात. एरवी तेल वाळूत शोधायचं असतं, आणि इथे ते आपल्या देशावरच्या दगडाच्या भेगांत. असा घट्ट दगड आवाजाला जवळजवळ पोलादाइतकाच पळवतो, तेव्हा पहिला आलेला आवाज केसिंगचा की खडकाचा हे ठरवताना नवा माणूस फसतो. सिमेंट उत्तम असतं आणि आकडा मोठा दिसतो.

दुसरी फसवणूक केसाएवढ्या फटीची. सिमेंट गोठतं तेव्हा केसिंगच्या आत भरपूर दाब असेल आणि नंतर तो उतरवला, तर केसिंग अंगाने किंचित आकसतं. सिमेंट आहे तिथेच राहतं. मध्ये दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरची वगैरे फट. तिच्यातून पाणी म्हणावं तसं वाहत नाही, पण मूठ सुटलेली असते, म्हणून केसिंग नादतं आणि आलेख वाईट दिसतो. आता हा आलेख पाहून कोणी केसिंगला भोकं पाडून दाबाने सिमेंट घुसवायला लावलं, ज्याला स्क्वीझ म्हणतात, तर चांगल्या विहिरीला भोक पाडल्यासारखं होतं. म्हणून तोंड बंद करून आत पंपाने दाब द्यायचा, चौरस सेंटिमीटरला सत्तरेक किलो, आणि त्या दाबाखाली पुन्हा सोंड ओढायची. याला प्रेशर पास म्हणतात. केसिंग फुगून सिमेंटला टेकतं. आवाज पडला तर फट केसाची होती. नाही पडला तर खरोखरच सिमेंट नाही. वेळ लागतो, पंपाच्या माणसांना पुन्हा बोलवावं लागतं, म्हणून रिगवर हे कोणाला आवडत नाही. मला मात्र सगळ्या कामात हेच सर्वांत आवडायचं. तक्रार करणाऱ्याला जरा जवळ धरून पुन्हा विचारायचं, आता बोल.

या दोन फसवणुकींत आलेख वाईट दिसतो आणि सिमेंट चांगलं असतं. तिसरीत उलट होतं. मी तिच्यात सापडलो.

जंबुसरकडची विहीर. पावसाळ्याची अखेर, काळी जमीन, गाडी शेवटचे दोन किलोमीटर ट्रॅक्टरने ओढून नेलेली. सोंड पाइपाच्या बरोबर मध्यावर राहावी म्हणून तिच्यावर तीन ठिकाणी सेंट्रलायझर असतात, छत्रीच्या काड्यांसारखे बाहेर फुगणारे. मधल्याच्या काड्या झिजल्या होत्या. मला माहीत होतं. नवा सेंट्रलायझर बडोद्याच्या स्टोअरमध्ये होता. फॉर्म भरायचा राहून गेला होता.

रात्रीचे तीन. आलेख फारच सुंदर निघाला. तेलाची वाळू सहा मीटर, तिच्याखाली नऊ मीटरवर पाण्याची, आणि मधल्या त्या नऊ मीटरभर चार-पाच मिलिव्होल्ट. रिगवरचे साहेब मागे उभे होते. त्यांनी खांद्यावर थाप मारली. मीही खूश.

आलेखाच्या डाव्या अंगाला एक बारीक रेघ असते, आवाज यायला लागलेल्या वेळेची. केसिंग तेच, पाणी तेच, म्हणून ही रेघ सरळ खाली यायला हवी. त्या नऊ मीटरमध्ये ती सरकलेली होती. किती? कागदावर दोन-अडीच मिलिमीटर. मसुरीच्या डाळीएवढी. आठ मायक्रोसेकंद लवकर. विहीर तिथे थोडी तिरपी होती, आणि झिजलेल्या काड्यांवर सोंड पाव इंच खाली कलली होती. एका बाजूची वाट जवळची झाली, म्हणून आवाज लवकर आला. आणि जवळच्या बाजूचा आवाज व लांबच्या बाजूचा आवाज पुढेमागे पोहोचून एकमेकांना खाऊ लागले. पाव इंचाने आवाज निम्म्याच्या खाली जाऊ शकतो. जास्त कलली तर अजून खाली. केसिंग गप्प झालेलं नव्हतं. आम्ही वाकड्या कानाने ऐकत होतो.

मला हे तेव्हा कळलं नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी ती रेघ पाहिली. तिच्यावर बोट ठेवलं, हेही आठवतं. नखात ग्रीस होतं आणि प्रिंटवर त्याचा डाग उमटला. सोंड वर काढून काड्या ठाकठीक करून पुन्हा सोडायची म्हणजे चार तास. रिग थांबून राहणार, साहेबांची थाप परत जाणार, आणि फॉर्म का भरला नाही हे सकाळी कोणीतरी विचारणार. मी 'बॉन्ड चांगला' असं लिहून सही केली.

दोन आठवड्यांनी तेल आत यावं म्हणून तेलाच्या वाळूसमोर केसिंगला भोकं पाडली. पहिले काही दिवस तेल आलं, मग पाणी मिसळलेलं तेल, मग तेलाचा वास असलेलं पाणी. मीटिंगमध्ये ठरलं की पाणी वाळूतूनच वर चढलं असणार. हेही होतं, आणि ते कोणाच्या अंगावर येत नाही. पुढे दुसऱ्या माणसाने नव्या सेंट्रलायझरवर पुन्हा आलेख काढला तेव्हा त्या नऊ मीटरमध्ये तीसच्या घरात आकडे आले. स्क्वीझ केलं, दोनदा. विहीर थोडीफार सुधारली. माझा जुना प्रिंट कोणी काढून शेजारी ठेवला नाही. ठेवला असता तर ग्रीसचा डाग दिसला असता.

त्यानंतर मी सिमेंटचा आलेख वाचताना पहिल्यांदा ती डावी रेघ बघायचो, आकडे नंतर. नव्या पोरांना हे सांगायचो. कारण सांगायचो नाही.

आता तर यंत्रंही बदलली. फिरत्या तोंडाचं एक यंत्र पाइपाला चहूबाजूंनी टिचक्या मारत जातं, दोन ते सात लाख हर्ट्झच्या, आणि पोलादाची जाडी स्वतःशी किती वेळ नादते यावरून मागे काय आहे ते ओळखतं: वायू, पाणी की सिमेंट. प्रत्येकाचा आवाजाला अडथळा करण्याचा एक आकडा असतो: पाण्याचा १.५, नेहमीच्या सिमेंटचा ६ च्या आसपास, वायूचा जवळपास शून्य. पडद्यावर तपकिरी, निळे, लाल रंग उमटतात, आणि एका अंगाचा ओघळ निळ्या नदीसारखा स्पष्ट दिसतो. जुन्या सोंडेला तो दिसत नसे, कारण ती सगळ्या बाजूंची सरासरी सांगायची. तरी हलकं सिमेंट वापरलं की त्याचा आकडा जड मडच्या जवळ जातो आणि रंग पुन्हा खोटं बोलू लागतात. रंगांवर माणसं आकड्यांपेक्षा लवकर विश्वास ठेवतात, हे मी पाहिलं आहे. तीच गत ०.८ च्या नियमाची. पूर्ण धरलेल्या भागाशी तुलना करून ८० टक्के धरलेलं असलं, आणि तसं सलग पुरेसे फूट मिळालं, सात इंची केसिंगला दहाएक फूट, की पास. नियम वाईट नाही. पण पूर्ण धरलेला भाग म्हणून ज्याच्याशी तुलना करायची तो कोणी निवडला, असं विचारलं की पोरं माझ्याकडे रागाने बघत.

२० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात मकोंडो विहिरीवर स्फोट झाला, ११ माणसं गेली, आणि विहीर ८७ दिवस समुद्रात तेल ओकत राहिली. सिमेंटचा आलेख काढायला आलेल्या माणसांना त्याच दिवशी सकाळी हेलिकॉप्टरने परत पाठवलं होतं. सिमेंटचं काम चांगलं झालंय, गरज नाही, म्हणून. हे वाचलं तेव्हा मी अलकापुरीतल्या ऑफिसात होतो आणि सगळेजण म्हणत होते, बघा, आलेख काढला असता तर! मी तसं छातीठोकपणे म्हणणार नाही. तिथे तेल-वायू केसिंगच्या तळातल्या सिमेंटमधून आत शिरला, आणि तळाच्या त्या तुकड्यातलं सिमेंट आमच्या सोंडेच्या पल्ल्यातच नसतं. मला टोचली ती परत पाठवलेली माणसं. पेट्या उघडल्याच नाहीत, सेंट्रलायझर बांधलेच नाहीत, आणि हेलिकॉप्टरमध्ये त्यांना सुटल्यासारखं वाटलं असणार. मला तरी वाटलं असतं. तीन वाजताचं जागरण वाचलं म्हणून.

असो. सातवी लादी.

ती धड बोदी वाजेना, धड भरीव वाजेना. मिस्त्रीने चारी कोपरे ठोकले, मध्य ठोकला, डोकं खाजवलं. मग मला म्हणाला, "साहेब, आना पर ऊभा रहो."

मी चहाचा कप टेबलावर ठेवून लादीवर उभा राहिलो. त्याने माझ्या दोन पावलांच्या मध्ये ठोकलं. ठक. बद्द, आखूड, छान.

"हवे उतरो."

उतरलो. ठोकलं. पुन्हा आवाज जरा सुटला.

"झीणी फाट छे," तो म्हणाला. "रहेवा दो. कंई नहीं थाय."

सत्तर किलो वजनाखाली पुन्हा वाजवून बघायचं हे याला कोणी शिकवलं, मी विचारलं नाही. मी फक्त त्याला पुन्हा एकदा तेच करायला लावलं आणि पुन्हा उभा राहिलो. हिने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, काय चाललंय. मी म्हणालो, "प्रेशर पास." ती आत गेली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की बायको अशा उत्तरांना प्रश्न विचारत नाही.

मग त्याने फुल्यांपैकी पहिली लादी काढायला घेतली. कडेच्या सांध्यातून छिन्नी फिरवली, एका कोपऱ्यात जोर दिला आणि लादी अख्खीच्या अख्खी उचलली गेली, चिकटलेली नव्हतीच जणू. उलटी करून भिंतीला टेकवली. पाठीवर चार कोपऱ्यांत चार सिमेंटचे गोळे, लाडवांसारखे, आणि मधला सगळा भाग कोरा. कारखान्यातून आली तेव्हाचे शिक्क्याचे आकडेसुद्धा स्वच्छ वाचता येत होते.

मिस्त्री बराच वेळ बघत राहिला. लादीच्या पाठीवरून त्याने तळहात फिरवला. मला माहीत होतं, पण मी बोललो नाही.

"आ तो में ज बेसाडेली," तो म्हणाला. "तमे रहेवा आव्या त्यारे."

"हो."

"ते दिवसे उतावळ हती, साहेब. बीजी साइट पर बोलावता हता."

त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि दुसऱ्या फुलीकडे सरकला. मी त्याच्यासाठी आणखी एक चहा टाकायला आत गेलो.